गेनबाची इंग्रजी श्रीमंती

गेनबाला उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की माझ्याकडे पुष्कळ पैसा आहे. तेही इंग्रजीतून, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना धड कळणारही नाही अशा भाषेतून. पण त्याची जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेना.

"बोला बाबा," रझिया मॅडम म्हणाल्या. "फळ्यावर एवढी वाक्यं आहेत, कुठलंही एक उचला. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत."

वर्ग हसला. वाघोलीत नगर रस्ता सोडून जरा आत गेलं की एक चार मजली इमारत लागते. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच वाजता हा इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग भरायचा. मॅडम खडकीहून स्कूटरवर यायच्या. त्यांचे वडील तिकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि कारखान्यातली सगळी शिस्त त्यांनी मुलीच्या अंगात भरून ठेवलेली. आज मॅडमनी पुस्तक बाजूला सारलं होतं. इंग्रजी बोलणारी माणसं घरगुती गप्पांमध्ये श्रीमंतीबद्दल कशी बोलतात, ते चाललं होतं.

"रोलिंग इन मनी" म्हणजे पैशात लोळणारा. हे गेनबाला चटकन समजलं, पैशात लोळणारी माणसं मराठीतही असतात. "मनी टू बर्न" म्हणजे जाळता येईल इतका पैसा. इथे त्याला पहिला ठसका लागला. नोटेला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करणारी आपण माणसं, आणि हे लोक ती चुलीत घालायला निघाले? "फिल्दी रिच" त्याहून अजब, घाणेरडा म्हणावा इतका श्रीमंत. मग एक आलं, तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मलेला.

"वाटी-चमचा तर उष्टावणाला मामा देतोच की," गेनबा शेजारी बसलेल्या तन्वीरच्या कानाशी लागला. "त्यात कसली आली श्रीमंती?"

तन्वीरला उष्टावण म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्याने गंभीरपणे मान डोलावली. पुढच्या एका वाक्यात डुक्कर होतं. मॅडमनी ते अर्धं लिहून पुसून टाकलं आणि म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी लागणार नाही. मला तर नाहीच नाही."

आता प्रत्येकाने यातलं एक वाक्य स्वतःबद्दल म्हणायचं होतं. तन्वीर एसी दुरुस्त करायचा, स्कूटरला शिडी बांधून सोसायट्या-सोसायट्यांतून फिरायचा. तो कॉलर वर करून उभा राहिला आणि आपल्याकडे जाळायला पैसा आहे असं ठणकावून सांगून बसला. मागून कोणी तरी शिट्टी मारली. कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवणाऱ्या तुळजाबाई बार्शीकडच्या. पोळ्या लाटून त्यांचे खांदे आखडलेले असायचे. त्यांनी पदर सावरला आणि आपण पैशात लोळतो असं एका दमात म्हणून टाकलं. मग लाजून म्हणाल्या, "लई ग्वाड वाटतं वो म्हणायला."

ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना काही म्हणजे काही अडचण आली नाही. अडला तो गेनबा. आणि त्या हॉलमध्ये खरोखर पैशात लोळणारा माणूस एकच होता, तोही गेनबाच.

हॉल त्याचा होता. इमारत त्याची होती, शेजारची दुसरी होती, खालची दुकानं होती. कधी काळी या सगळ्याच्या जागी त्याचं ज्वारीचं रान होतं. रान बिल्डरला गेलं, त्याच्या बदल्यात इमारती आल्या, आणि इमारतींचा कारभार मुलगा ऋषीने हातात घेतला. भाडेकरूंना ठाऊक ते ऋषीशेठ. त्यांचा बाप कसा दिसतो ते बघायची कुणाला गरज पडली नव्हती. वर्गातली सगळी मंडळी बाहेरून पोट भरायला आलेली. गावातली पोरं इंटरनॅशनल शाळेत जात होती, त्यांना हा वर्ग कशाला हवा?

गेनबा तरी इंग्रजी शिकायला कुठे आला होता? एके दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहतेय असं खालून दिसलं म्हणून तो जिने चढला. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबला, तर आतून आवाज आला, "ॲडमिशनला आलात ना? मग दारात काय उभे? आत बसा." आवाजच असा होता की गेनबा बसला. टाकी वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तो का गेला हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. गेला, आणि मॅडमनी विचारलं, "गृहपाठ कुठाय?" नाही म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. आठवड्याचे वार दहा-दहा वेळा लिहून आणायला लावले.

रान विकल्यापासून गेनबाला कोणी झापलं नव्हतं. त्याच्या फुसक्या विनोदांना माणसं पोट धरून हसायची. गणपतीची पावती, सप्त्याची पंगत, क्रिकेटच्या स्पर्धेचे टी-शर्ट, सगळं "आबा, आबा" करत त्याच्यापाशी यायचं. आबांनी काही चुकीचं म्हटलं तरी ते बरोबरच असायचं. आणि इथे लेकीच्या वयाची एक बाई त्याचा बुधवार चुकला म्हणून वहीवर लाल रेघ मारत होती. गेनबाला त्या रेघेचा इतका आनंद झाला, की घरी जाऊन त्याने ती बायकोला, मैनेला दाखवली. मैना म्हणाली, "चुकलंय म्हून खूश झालेला मानूस म्या आजच बघितला." पण ऋषीला सांगू नकोस एवढं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं. त्या वर्गात त्याच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. तेवढी एकच जागा उरली होती, आणि तो सकाळी उठला की पाच कधी वाजतील याची वाट बघायचा.

तर असा हा गेनबा उभा होता आणि त्याला मी श्रीमंत आहे असं म्हणवत नव्हतं. खोटं बोलता येत नाही म्हणून माणूस अडखळतो हे आपण पुष्कळदा बघतो. गेनबा खऱ्याला अडखळत होता. त्यांच्या घरात "आहे" असं कधी कोणी तोंडाने म्हटलंच नव्हतं. खळ्यावर ज्वारी मापताना पहिल्या मापाला त्याचा बाप "एक" सुद्धा म्हणायचा नाही, "लाभ" म्हणायचा, आणि माप चाललेलं असताना पोरांनी ब्र काढायचा नाही. यंदा कसं पिकलं असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हाय, खायापुरतं." जितकं जास्त तितका शब्द लहान. धान्याचं पेव तोंडापर्यंत भरलेलं असेल तर बाप म्हणायचा, "कसलं काय, वडाताणच चाललीया." आणि विचारणाराही त्याच मातीतला. तो मनात समजायचा, की म्हाताऱ्याचं यंदा झ्याक पिकलंय. कोणी फसवायचं नाही, कोणी फसायचं नाही. त्याला रीत म्हणत.

गेनबाची नजर फळ्याच्या उजव्या कडेला गेली. तिथे मॅडमनी तोंडी लावायला गरिबीचीही दोन वाक्यं लिहिली होती. तिथे आल्यावर जिभेची गाठ आपसूक सुटली.

"आय ॲम हार्ड अप," तो म्हणाला. म्हणजे माझा हात तंग आहे, चणचण आहे. आणि सुटलो एकदाचा असं वाटून खाली बसला.

वर्ग हसला नाही. तन्वीर आपल्या चपलांकडे बघायला लागला. तुळजाबाईंनी "च्च" केलं. मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. गेनबाचा धुऊन पिवळा पडलेला सदरा, बंडीच्या आतल्या खिशातून एकेक नोट काढून फी देण्याची त्याची पद्धत, टाचेला शिवलेली चप्पल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभं राहिलं असणार. गेनबाला नवी चप्पल चावते, म्हणून तो जुनी शिवून घेतो. पण हे त्यांना कोण सांगणार?

वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं. इतक्या हळू आवाजात त्या बोलू शकतात हे गेनबाला ठाऊक नव्हतं.

"बाबा, उद्यापासून फी आणायची नाही. नुसतं यायचं."

"तसं न्हाय मॅडम, फीचं काय एवढं..."

"मला हिशोब कळतो. तुम्ही गृहपाठाचं बघा."

आता नको म्हणायचं तर का नको ते सांगायला हवं. का नको ते सांगायचं तर आहे म्हणायला हवं. गेनबा तोंड उघडून उभा राहिला, मग "बरं" म्हणाला आणि जिना उतरला. आपण नेमकं काय केलं हे त्याला कळेना. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहून त्याने रस घेतला आणि प्यायचाच विसरला.

त्यानंतर प्रकरण त्याच्या हातात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंनी एक डबा पुढे केला. "सकाळचंच हाय, पोरं सुट्टीवर गेलीत, उरलंय," असं म्हणाल्या, पण डबा गरम होता. आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी. गेनबाने तो मारुतीच्या देवळामागे बसून खाल्ला, कारण घरी नेला असता तर मैनेने डब्याचा सातबारा काढला असता. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला ते जेवण फार आवडलं. घरी स्वयंपाकाला बाई होती, ती तेल मोजून घालायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. या चटणीत तिखट तिखटासारखं होतं. खाताना डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने की आणखी कशाने, हे त्याला ठरवता आलं नाही.

मग रोज डबा येऊ लागला. तन्वीरने एक चालू स्थितीतला जुना फोन आणून दिला, त्यात इंग्रजीचं काही तरी टाकून दिलं, वर स्कूटरवरून घरी सोडायचा हट्ट धरला. गेनबाने दोन गल्ल्या आधीच "हितंच, हितंच" करून उडी मारली आणि तन्वीर दिसेनासा होईपर्यंत एका पत्र्याच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. आतून एक बाई बाहेर आली आणि काय पाहिजे म्हणाली. काही नाही, असं म्हणून आबा चालू लागले.

"तुमचं काय चाललंय?" मैनेने विचारलं. "जेवन जात न्हाय, पोट तर सुटाय लागलंय."

गेनबाने तिला सगळं सांगितलं. मैना हसून हसून खाटेवर आडवी झाली. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "त्या खानावळवालीच्या हातची भाकर तुमी फुकाट खाताय? पाप लागंल. उद्याच्याला जाऊन सांगा, म्हनावं आमचं बरं हाय."

"बरं हाय म्हनलं की ती म्हनती, बाबा, तुमी लई सोशीक."

आपलं बरं आहे हे गरिबाने म्हटलं तर तो सोशीक, आणि बरं नाही हे श्रीमंताने म्हटलं तर तो विनयशील. गेनबा आता यातला कोणता, तेच कुणाला सांगता येईना. रात्री तो अंथरुणावर पडून विचार करायचा, की मी श्रीमंत आहे म्हणजे माझ्याकडे काय आहे? इमारतीचे कागद ऋषीकडे. बँकेचं ऋषीकडे. फोनवर पैसे आल्याचा मेसेज येतो, तो वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा सापडेपर्यंत फोन विझतो. पूर्वी कडब्याची गंज दिसायची, तिच्याकडे बघून भरल्यासारखं वाटायचं. आता काय बघायचं? मग आपण वर्गात म्हणालो ते खोटं होतं की खरं, असा गुंता व्हायचा आणि त्याला झोप लागायची.

हे असंच चाललं असतं. पण एका सोमवारी रझिया मॅडम आल्या त्या फळ्याकडे गेल्याच नाहीत. खुर्चीत बसल्या.

"महिनाअखेरीला वर्ग बंद," त्या म्हणाल्या. "हॉल जिमला द्यायचाय मालकांना. मी आज त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. म्हटलं, थोडं भाडं वाढवा, पण राहू द्या. तर ऋषीशेठ मला काय म्हणाले असतील? म्हणाले, मॅडम, काय सांगू, आमचीच सध्या ओढाताण चाललीय."

वर्गात एकदम भडका उडाला.

"ओढाताण? एवढी मोठी गाडी खाली उभी असते त्याची!" तन्वीर ओरडला. "फिल्दी रिच! मॅडम, आज समजला मला त्याचा अर्थ."

"मनी टू बर्न," तुळजाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडात ते शिवीसारखं वाजलं. "तोंड कसं धजतं वो अशा मानसाचं? असून न्हाय म्हनायला काईच कसं वाटत न्हाय?"

फळ्यावरची सगळी वाक्यं आज मालकाच्या डोक्यावर आपटत होती, आणि मालक तिसऱ्या बाकावर वही धरून बसला होता. ओढाताण हा शब्द ऋषीने कुठून घेतला ते त्याला ठाऊक होतं. त्यानेच शिकवला होता. पहिल्यांदा धंद्याला बसवताना त्याने मुलाला सांगितलं होतं, बाबा रे, हाय म्हनू नको, लोकांची रांग लागती. आपण तेच इंग्रजीत म्हणालो तर भाकरी आली. पोराने काढला तर शिव्या आल्या. हे कसं झालं, हे गेनबाला उमगेना, पण छातीत काही तरी रुतल्यासारखं झालं. ही जागा गेली तर आपलं काय, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा लख्ख दिसलं, आणि तो घाबरला.

रात्री त्याने ऋषीला गाठलं. ऋषी जेवताना फोनवर बोलत होता.

"त्या क्लासवाल्या बाईला ऱ्हाऊ दे की रं," गेनबा म्हणाला.

"कोण? ती इंग्लिशवाली?" ऋषीने फोन बाजूला धरला. "आबा, जिमचं डील ऑलमोस्ट फायनल आहे. तुम्हाला कोणी सांगितलं हे? कोणी भेटायला आलं होतं का?"

"न्हाय, आपलं... ऐकलं."

"मग टेन्शन घेऊ नका. लोक येतच राहणार. तुम्हीच म्हणता ना, एकदा एकाला हो म्हटलं की संपलं."

गेनबा पुढे बोलला असता. पण पुढे बोलायचं म्हणजे डब्याचं सांगायचं, फीचं सांगायचं, पत्र्याच्या खोलीचंही सांगायचं. त्याने आमटी भुरकली.

दुसऱ्या दिवशी वर्गाने ठरवूनच टाकलं होतं. सगळ्यांनी मिळून मालकाच्या ऑफिसात जायचं, आणि पुढे कोणाला करायचं? बाबांना. "तुमच्यासारख्या वडीलधाऱ्याला बघून दगडालाही पाझर फुटेल," तन्वीर म्हणाला. "तुम्ही फक्त उभे राहा. बोलायचं मी बघतो."

आता सांगायलाच हवं होतं. तो उभा राहिला, बाकाची कड धरली, आणि मराठीत काही केल्या बाहेर येत नव्हतं ते त्याने इंग्रजीत ढकललं.

"मॅडम. आय ॲम रोलिंग इन मनी. धिस हॉल, माय हॉल. धिस बिल्डिंग, माय. ऋषी, माय सन."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग रझिया मॅडमचे डोळे भरून आले.

"व्वा!" त्या म्हणाल्या. "बघा, बघा सगळ्यांनी! त्या दिवशी वाक्य म्हणायला तयार नव्हते. आज वर्ग बंद होतोय तर म्हणून दाखवलं, आणि तेही स्वतःच्या मनाने वाढवून. बाबा, फक्त 'माय' नंतर वस्तूचं नाव यायला हवं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. तुळजाबाईंनी गेनबाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. गेनबाला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो खरं आहे, देवाशपथ खरं आहे. पण आयुष्यभरात एकदा खरं बोललो तर त्याला टाळ्या पडल्या, यापुढे बोलायचं तरी काय? त्या टाळ्यांतच सगळे त्याला घेऊन जिना उतरले.

ऋषीचं ऑफिस तळमजल्यावर होतं, काचेच्या दाराचं. तो संगणकात डोकं घालून बसला होता. मॅडम पुढे झाल्या. सगळ्यांच्या मागे, तन्वीरच्या खांद्याआड, गेनबा.

"सर, पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "मी भाड्याचं बोलायला आलेली नाही. तुमचे व्यवहार तुम्हाला ठाऊक. पण आमच्याकडे कोण कोण शिकतं ते एकदा डोळ्यांनी बघा. हे बाबा आहेत. यांच्याकडे फी द्यायलाही पैसे नाहीत. या बाई यांना रोज जेवायला देतात. या वयात हे गृहपाठ करतात. जिममध्ये यांनी काय करायचं?"

आणि त्यांनी तन्वीरला बाजूला सारून गेनबाला हाताला धरून पुढे आणलं.

ऋषी उठला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्याने बापाच्या अंगावरचा सदरा बघितला, तुळजाबाईंच्या हातातला डबा बघितला, आणि त्याचा चेहरा लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हासारखा झाला.

"आबा," तो म्हणाला. "मी तुम्हाला काय कमी केलं?"

काचेबाहेर रिक्षा वाजत होत्या. गेनबाने खूप शोधलं. पोराने खरंच काही कमी केलं नव्हतं.

"काय न्हाय रं," तो म्हणाला. "सगळं हाय."

जन्मात पहिल्यांदा त्याने सगळं आहे असं तोंडाने म्हटलं होतं, आणि ते म्हणताना त्याला जितकं कंगाल वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं. मॅडमनी त्याचा हात सोडला. तुळजाबाईंनी डबा पदराखाली घेतला. ऋषीच म्हणाला, "मॅडम, हॉल तुमचाच. जिमवाल्यांना मी सांगतो," आणि बापाला खुर्ची द्यायला धावला.

वर्ग वाचला. दुसऱ्या दिवशी पाचला गेनबा गेला तेव्हा तिसऱ्या बाकाच्या जागी ऑफिसातली गादीची खुर्ची मांडलेली होती. तो आत येताच सगळे उभे राहिले. तुळजाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्याकडे बघितलंच नाही. तन्वीर मात्र जवळ आला, खाकरला आणि म्हणाला, "शेठ, ते बिल्डिंगमधलं एसीचं मेंटेनन्स सध्या कोण बघतं?"

मॅडमनी धडा सुरू केला. एकेकाला उभं करून त्या विचारत होत्या, तुमच्या घरी काय काय आहे, 'आय हॅव'ने सुरू करून सांगा. तुळजाबाई झाल्या, तन्वीर झाला. गेनबाची पाळी आली तशा मॅडम त्याच्या डोक्यावरून मागच्या बाकाकडे बघत म्हणाल्या, "नेक्स्ट."

"मॅडम," गेनबा उठला. "मला न इचारता फुडं गेलात."

"आपण बसा, सर. आपल्याला कशाला त्रास."

"मला इचारा."

मॅडमनी पुस्तक टेबलावर आपटलं. "काय विचारू? विचारलं तर खरं सांगता का तुम्ही? ही बाई रोज वर्गाला येण्याआधी ताजी भाकरी थापायची ती तुमच्यासाठी, पोरांची नंतर. मी घरी सांगितलं, आमच्याकडे एक बाबा आहेत, फार गरीब आहेत, पण जिद्द बघा! आणि भाडं मी तुमच्याच घरात भरत होते! मूर्ख बनवलंत आम्हाला. तुम्हाला हसू येत असेल ना घरी जाऊन? येत होतं की नाही?"

आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला असेल. वर्ग एकमेकांकडे बघायला लागला, मालकावर असं कोणी ओरडतं का? गेनबा मान खाली घालून उभा होता. त्याचे कान तापले होते, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी सोमवारपासून छातीत रुतलेलं ते काही तरी सैल होत होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "हसू न्हाय आलं. ग्वाड लागायची भाकर. त्याबद्दल तुळजाबाईंच्या पाया पडाय तयार हाय म्या. खोटं बोलायचं म्हून न्हाय बोललो. आमच्यात तसंच म्हनत्यात."

"मग आता खरं सांगा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे काय आहे?"

गेनबाने तोंड उघडलं. इमारत म्हणावं तर ती ऋषीची. रान म्हणावं तर ते उरलं नाही. मैना आहे, पण ती आहे म्हणायची वस्तू नव्हे. त्याने वहीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं.

"ते मलाबी कळंना झालंय, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "म्हून तर येतुया."

रझिया मॅडमनी टेबलावरचं पुस्तक उचललं, पान शोधलं.

"इंग्लिशमध्ये सांगा," त्या म्हणाल्या.